उजव्या पाकळीचं कार्ड

मी फटकळ माणूस आहे. "जरा कमी करा की" हे कोणी तिसऱ्यांदा म्हटलं की माझा आवाज चढतो आणि समोरच्या बेकरीतला पोदेर पाव मोजायचा थांबून इकडे बघतो. पण डिचोलीच्या बाजारात इतकी वर्षं कॉम्प्युटरचं दुकान चालवल्यावर लोक माझ्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगत आले: तोंड वाईट, पण माणूस सरळ. ह्या सरळपणाची मला भारी ऐट होती. आता कोणी तसं म्हणालं की मी पडलेला स्क्रू शोधायला टेबलाखाली वाकतो.

मूळचा मी पेडण्याचा. डिचोलीत आलो तो खाणींच्या दिवसांत. तेव्हा इकडे घरटी ट्रक होता आणि ट्रकवाल्या प्रत्येक घराला मुलांसाठी कॉम्प्युटर हवा होता. मग खाणी थांबल्या, रस्त्यावरची तांबडी धूळ खाली बसली, ट्रक कोणी विकले, कोणी अंगणात ताडपत्री घालून ठेवले. मुलं मात्र कॉम्प्युटरला चिकटून मोठी झाली आणि माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड मागायला लागली. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरचा चित्रं काढणारा भाग. गेम खेळणाऱ्यांना तो लागतो, आणि अजून न बांधलेल्या घराचं हुबेहूब चित्र करून दाखवणाऱ्यांनाही लागतो.

ही कार्डं करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या. एकीची खोकी हिरवी, दुसरीची तांबडी, म्हणून माझ्या दुकानात त्यांची नावं कोणी घेत नाही. हिरवे आणि तांबडे, बस्स. बुधवारच्या बाजारात शेजारी शेजारी बसलेल्या दोन मासळीवाल्या असतात ना, तशा ह्या दोघी. एकीने बांगड्यांच्या वाट्यावर दोन जास्तीचे ठेवले की दुसरी लगेच तीन ठेवते, आणि ठेवताना बघते ती गिऱ्हाइकाकडे नाही, शेजारणीकडे. हिरव्यांनी नव्या कार्डाची तारीख जाहीर केली की तांबडे दोन दिवस आधीची जाहीर करणार. तांबड्यांनी मेमरी वाढवली की हिरवे आदल्या दिवशी भाव उतरवणार. कॉलेजातली पोरं दोन तट पाडून माझ्या काउंटरवर भांडायची. दोघा सख्ख्या मित्रांनी तर ह्यावरून एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. मी दोन्ही बाजूंना थोडं थोडं तेल घालायचो आणि मजा बघायचो.

मजा अर्थात काउंटरच्या पलीकडची. अलीकडे, माझ्या बाजूला, काचेच्या कपाटात खोकी असतात. नवीन कार्ड जाहीर झालं की सकाळपर्यंत ताजी वाटणारी तीच खोकी संध्याकाळी कोणी हातात घेत नाही. त्या दिवशी ज्याच्या कपाटात खोकी जास्त, तो दुकानदार गाढव. आदल्या खेपेला ते गाढव मीच होतो, आणि पुन्हा होणार नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

एका सोमवारी सकाळी डिस्ट्रिब्युटरच्या माणसाचा फोन आला. "कोणाला सांगू नका," तो म्हणाला, "पण पुढच्या आठवड्यात तांबडे नवीन काढतायत. सोळा जीबी, डबल मेमरी. भाव तुमच्याकडच्या आठ जीबीवाल्याएवढाच. हातात असतील ती काढून टाका." माझ्या हातात तीन खोकी होती. दोन हिरवी, एक तांबडं, तिन्ही आठ जीबीची.

आणि त्याच दुपारी मुळगावचे ते दोघे आले, बाप आणि मुलगी.

बाप मूळचा सिंधुदुर्गातला. तरुणपणी खाणीवर ट्रक चालवायला आला आणि मुळगावातच राहिला, बोलणं मात्र अजून तिकडचंच; इकडचा 'पात्रांव' तेवढा उचललेला, म्हणजे मालक. भरलेला ट्रक खाणीच्या उतारावरून मागे घेणारा माणूस, पण माझ्या दुकानात चप्पल दाराबाहेर काढून यायचा. मुलगी चोवीस-पंचवीसची. ड्राफ्ट्समनचा कोर्स झालेला, आणि घरांची हुबेहूब चित्रं कॉम्प्युटरवर करायला ती आपली आपण शिकली होती. तिने मोबाइलवर एक दाखवलं. स्वतःच्या घराचा सोपा होता, पुढची बैठकीची खोली. जनेलातून येणारं ऊन जमिनीवर पडलं होतं, आणि त्या उन्हात शेणाने सारवताना उमटलेली बोटं दिसत होती. माझ्या तोंडून सहसा कोणासाठी चांगला शब्द निघत नाही. त्या दिवशी निघाला.

पणजीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसने तिला एक काम करून दाखवायला सांगितलं होतं. मोरजीला बांधायचा एक बंगला, त्याच्या बागेसकट. आत-बाहेर फिरून बघितल्यासारखा व्हिडिओ तीन आठवड्यांत द्यायचा. आवडला तर घरी बसून कायमचं काम. तिच्या जुन्या कॉम्प्युटरला ते झेपत नव्हतं, म्हणून कार्ड हवं होतं. एवढंच होतं सगळं, आणि तिच्या दृष्टीने सगळं त्यावरच होतं.

"सर," ती म्हणाली, "तांबड्यांचा नवीन येतला म्हणतत, डबल मेमरीचा. थांबूया काय आठ-धा दिवस?"

फोन येऊन चार तासही झाले नव्हते.

"अगो, नेटार असल्यो गजाली रोजच येतत!" मी आवाज चढवला. खोटं बोलताना आवाज चढवलेला बरा असतो, समोरच्याला वाटतं माणूस वैतागलाय. "त्या गजालींक लागलंस तर जल्मात कार्ड घेवचंस नाय."

तिला पटलेलं दिसलं नाही. बाप एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "पात्रांव, माका ह्यातला काय कळणा नाय. चेडू म्हणता थांबूया, तुमी म्हणतास घेया. मी आपलो देवीक विचारतंय."

आमच्याकडे ह्यात नवल काही नाही. लग्न, नोकरी, ऑपरेशन, विहिरीची जागा, काहीही अडलं की देवीला कौल लावायचा. गुरव मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न सांगतो, आणि मग वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरं. मी स्वतः ह्या सगळ्याला हसणारा. बायको कौलाला जाताना मला सांगतही नाही, मी काहीतरी वाकडं बोलेन म्हणून.

"पण ही इंग्लिश नावा माका सांगूक येवची नाय," बाप म्हणाला. "काय विचारूचा ता तुमी कागदार लिवन दिया. गुरव वाचतलो."

प्रश्न मी लिहायचा होता! मी बिलाच्या पॅडचा कागद फाडला. खूप विचार करून लबाडी केली असती तर एक वेळ बरं वाटलं असतं, की बाबा, मनात झगडा तरी झाला. तसं काही झालं नाही. पेन सरळ चाललं. उजवी पाकळी, हिरव्या खोक्यातलं कार्ड. डावी पाकळी, तांबड्या खोक्यातलं कार्ड. दोन्ही आठ जीबीची, दोन्ही माझ्या कपाटातली. घ्यावं की थांबावं, हा त्या मुलीचा खरा प्रश्न होता, तो मी लिहिलाच नाही. देवीने कुठलीही पाकळी दिली असती तरी खोकं माझंच जाणार होतं. लिहून झाल्यावर मला स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं, हेही सांगून टाकतो.

मुलीने कागद वाचला. "सर, थांबूचा ता ह्यात खंय आसा?"

"तीन आठवडे आसत तुझ्याकडे, त्यात थांबतंस काय?" मी म्हणालो. आणि मग वर, ज्याने आयुष्यात कधी कौल लावला नाही तो मी, तिला शिकवायला लागलो. "आणि देवीक एका वेळी चार गोष्टी विचारूच्यो नसतत."

"ता बरोबर," बाप लगेच म्हणाला. "एकच इचारूचा. चेडवा, तू गप."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुळगावच्या देवळात गेलो. गुरवाला वाचता आलं नाही तर पंचाईत नको, तुम्हीही या, असं बापाने सांगितलं होतं. गुरवाला खरंच वाचता आलं नाही. आकडे आणि अक्षरं बघून त्याने कागद लांब धरला, जवळ धरला, आणि मग माझ्याकडून समजून घेऊन आपल्या शब्दांत गाऱ्हाणं घातलं. "गे माते, ह्या तुझ्या लेकराचा चेडू कॉम्प्युटरार घरा बांधता. तेका एक वस्तू घेवची आसा. हिरव्या खोक्यातली घेवची तर उजवी दी, तांबड्या खोक्यातली घेवची तर डावी दी. काय ता सांग आणि लेकराक पदराखाली घे." एरवी मला हसू आवरलं नसतं. मुलगी डोळे मिटून उभी होती. बापाचे ओठ हलत होते. मी हात जोडून उभा होतो आणि पाकळ्यांकडे अगदी निवांत बघत होतो, कारण त्या देवळात त्या वेळी कसलीही काळजी नसलेला माणूस मी एकटाच होतो.

बऱ्याच वेळाने उजवी पाकळी पडली. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ती पाकळी डोळ्यांना लावली, खिशात ठेवली आणि मला म्हणाला, "आता माका घोर नाय." दुपारी ते हिरवं खोकं घेऊन गेले. संध्याकाळी मी स्वतः जाऊन कार्ड बसवून दिलं आणि जाण्याचे वेगळे काही घेतले नाहीत. एवढा माझा सरळपणा.

पुढच्या आठवड्यात तांबड्यांनी नवीन कार्ड काढलं. सोळा जीबी, भाव तोच, फोनवर सांगितला होता तसाच. दुकानात तांबड्यांच्या तटातली पोरं नाचायचीच बाकी होती. दोन दिवसांनी हिरव्यांनी आपल्या जुन्या कार्डाचा भाव पाडला, तेव्हा दुसरा तट नाचला. माझ्या कपाटात तेव्हा एकच जुनं खोकं होतं. ह्या खेपेला गाढव दुसरेच झाले होते. मुळगावहून फोन येईल असं वाटून मी दोन-तीन उत्तरं तयार ठेवली होती. फोन आला नाही. तिने बातमी वाचली असणारच. पण देवीने दिलेल्या कार्डाबद्दल ती बापाला काय म्हणणार, आणि मला तरी काय म्हणणार?

ती आली ती तिसऱ्या आठवड्यात, एकटी. डोळे सुजलेले होते. बंगला झाला होता. सोपा, जिने, पोहण्याचा तलाव, सगळं झालं होतं. बाग घातली की काम मध्येच बंद पडत होतं. माड, केळी, जास्वंदी, पानापानासकट केलेल्या. "सर, माझा काय चुकता काय?"

तिचं काही चुकत नव्हतं. कार्डाला सगळा देखावा एकाच वेळी आपल्या मेमरीत ठेवावा लागतो. ओटा जेवढा असेल तेवढीच भांडी त्यावर मांडता येतात. आठ जीबीच्या ओट्यावर तिची बाग मावत नव्हती. सोळावर मावली असती. तिने पडद्याचा फोटो काढून आणला होता, त्यावर ते स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला मला एक सेकंदही लागला नाही.

त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो, अगो, कार्ड कमी पडतंय, हे दे आणि नवीन घेऊन जा. दुकानात तेव्हा नवीन कार्डं आली होती, माझ्या पाठीमागेच होती. पण मग तिने विचारलं असतं, सर, तुम्हाला तेव्हा माहीत होतं का? हा एक प्रश्न टाळायला मी म्हणालो, "तुझा सीन जड झालाहा. लोक ह्याच कार्डार मोठी मोठी कामा करतत. हलक्या हातान करूक शिकाक होया." अर्धवट खरंच होतं ते. अनुभवी माणसाने काहीतरी युक्त्या करून भागवलं असतं. म्हणून तर ते इतकं सहज बोलता आलं.

तिने वही काढली आणि मी सांगितलेलं लिहून घेतलं. "म्हणजे कार्डाचा नाय. माझाच चुकता," ती म्हणाली.

"हात बसाक वेळ लागता," मी म्हणालो.

बाग काढून टाकून तिने नुसता बंगला पाठवला. ऑफिसने दुसऱ्या कोणाला घेतलं. हे मला दोन महिन्यांनी कळलं, बाप कोणाच्या तरी प्रिंटरची शाई घ्यायला आला तेव्हा. "चेडवाक जमला नाय ता," तो म्हणाला. "आता औषधांच्या कंपनीत पॅकिंगाक जाता. देवीन दिलेला कार्ड चांगला आसा हो, चेडवाचोच हात कमी पडलो." त्याच्या बोलण्यात तक्रारीचा मागमूस नव्हता. तो चप्पल घालून गेला आणि मी त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं. मग विळी बाजूला ठेवली. "दुकानात तुमी कोणाक काय सांगतात ता मी कधी विचारूक नाय. पण थंय हात जोडून उभे रवलात? त्या पोरीच्या शेजारी?" एवढंच बोलली. मी देव मानत नाही, असं मी म्हणालो. "देवाचा सोडा हो," ती म्हणाली, आणि पुन्हा विळी ओढून घेतली.

मला वाटलं होतं की चार दिवस खाईल मनाला आणि मग जाईल. गेलं नाही. सोळा जीबीचं एकेक कार्ड विकताना मला ती वही दिसायची. पोरांवर मी पूर्वीपेक्षा जास्त ओरडायला लागलो. शेवटी एका दुपारी नवीन कार्ड स्कूटरच्या डिकीत घातलं आणि मुळगावला गेलो.

बाप एकटाच होता. परसातल्या पाइपाला रबर गुंडाळत बसला होता. "येवा पात्रांव! ती कदेल घेया," म्हणून त्याने खुर्ची पुढे केली आणि आपण पायरीवर बसला. मी बसलो नाही. फोनपासून सगळं सांगितलं. नवीन कार्ड येणार हे मला माहीत होतं. कागदावर थांबायचं मी मुद्दाम लिहिलं नाही. बाग मावली नाही ती कार्डामुळे, आणि मुलीला मी तिचीच चूक म्हणून सांगितलं. मी रागाची तयारी करून गेलो होतो. मी तापट माणूस, राग मला समजतो. कोणी चार शिव्या घातल्या की हिशेब मिटला, असं मला वाटतं.

त्याने शिव्या घातल्या नाहीत. हातातलं रबर ताणून पाइपाला आणखी एक वेढा दिला. मग म्हणाला, "म्हणजे आमी देवीक खरा सांगूकच नाय."

"तुमी नाय. मी."

"कागद माझ्या हातात होतो पात्रांव. चेडवान वाचून दाखवलेला, थांबूचा ह्यात नाय म्हणान. मीच तेका गप केलंय."

मी म्हणालो, मी आज मुलीला सगळं सांगतो, नवीन कार्ड आणलंय, लगेच बसवून देतो. तो एकदम उठला. माझा हात धरला. ट्रकच्या स्टिअरिंगवर घट्टे पडलेला हात होता तो.

"ता परत न्हेया. चेडवाक काय सांगू नका. आज ता म्हणता, माका जमणा नाय, आणि गपचूप कामाक जाता. उद्या तेका कळला की जमणारा होता, आणि बापाशीन देवीम्होरे उभा करून घालवला, तर ता माझ्या तोंडाक बघीत?"

तो मागत होता ते बरोबर नव्हतं. तिला कळायला हवं होतं, आधी तिलाच कळायला हवं होतं. पण काय बरोबर ते त्याला सांगायला मी कोण उरलो होतो? मी हो म्हणालो. त्याच्यासाठी हो म्हणालो असं मला त्या वेळी वाटलं. परतताना वाटेत कळलं की हो म्हणताना मला सुटल्यासारखंही झालं होतं, आणि त्याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

आम्ही अजून परसातच होतो, तेवढ्यात मुलगी पहिल्या पाळीहून आली. कंपनीतल्या टोपीच्या इलॅस्टिकची लाल रेघ कपाळभर उमटलेली होती. मला बघून तिला आनंद झाला. खरा आनंद, पाहुणा आला की होतो तसा. हातपाय धुऊन तिने चहा केला. सोप्यात कोपऱ्यात कॉम्प्युटर होता, त्यावर धुतलेला टॉवेल घातलेला. काही करतेस की नाही त्यावर, असं मी विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

"नाय सर," ती हसून म्हणाली. "ता माझ्यान होवचा नाय, कळला माका." मग कप माझ्या हातात देऊन म्हणाली, "पण तुमी त्या दिवशी तोंडार खरा सांगलात ता बरा केलात. दुसऱ्या कोणी सांगूक नसता. मी जल्मभर त्या कार्डाकच दोष दित बसलंय असतंय."

बाप आपल्या कपात बघत होता. मी चहाचा घोट घेतला आणि मान डोलावली.